कानातला चक्रव्यूह

विशेष प्रतिनिधी

पहाटे अंथरुणात कूस बदलावी आणि छताचा पंखा, कपाट, भिंती असे सारे घरच गरगर फिरू लागावे. पोटात ढवळून यावे आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा सारे जागच्या जागी यावे, हा अनुभव पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या वाट्याला येतो. घरातल्यांची पहिली शंका रक्तदाबावर जाते, दुसरी पित्तावर आणि तिसरी मानेच्या मणक्यांवर. मग रक्तदाब मोजला जातो, मानेला पट्टा लागतो आणि चक्कर थांबविणारी गोळी महिनोन्‌महिने घेतली जाते. प्रत्यक्षात दोष असतो तो कानाच्या अगदी आतल्या भागात, आणि तो बहुधा गोळीविना दूर होण्यासारखा असतो.

दुसरा प्रसंग याच्या नेमका उलट आहे. सकाळी उठल्यावर एका कानाने ऐकू येईनासे होते. सर्दीने दडा बसला असेल, मळ साचला असेल, चार दिवसांत सुटेल, असे म्हणून आठवडा, पंधरवडा निघून जातो. पहिल्या प्रसंगात माणूस विनाकारण घाबरतो, तर दुसऱ्यात घाबरायला हवे तिथे निर्धास्त राहतो. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. ते म्हणजे अंतर्कर्ण नावाच्या अवयवाविषयीचे आपले अज्ञान.

दगडी पेटीतील अवयव

कानाचे तीन भाग शाळेत सर्वांनीच वाचलेले असतात. कानाची पाळ आणि पडद्यापर्यंतची नळी म्हणजे बाह्यकर्ण. पडद्यामागची हवेने भरलेली लहानशी पोकळी आणि तीतील हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन हाडे म्हणजे मध्यकर्ण. त्यापलीकडे कानशिलाच्या हाडात खोलवर अंतर्कर्ण बसविलेला असतो. हाडाचा हा भाग शरीरातील सर्वांत कठीण हाडांपैकी एक गणला जातो. शरीरशास्त्रात त्याला दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थच मुळी ‘दगडासारखा’ असा आहे. जन्माच्या वेळीच अंतर्कर्णाचा आकार प्रौढ माणसाच्या अंतर्कर्णाएवढा असतो. पुढे डोके वाढते, पण हा अवयव वाढत नाही.

हाडात कोरलेल्या वळणावळणाच्या बोगद्यांमुळे जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला ‘लॅबिरिंथ’, म्हणजे चक्रव्यूह, असे नाव दिले. या हाडाच्या चक्रव्यूहाच्या आत त्याच आकाराचा पातळ पटलांचा दुसरा चक्रव्यूह असतो. बाहेरच्या व आतल्या चक्रव्यूहांत वेगवेगळे द्रव असतात. बाहेरच्या द्रवात सोडियमचे प्रमाण अधिक असते, तर आतल्या द्रवात पोटॅशियमचे. या फरकामुळे अंतर्कर्णात विजेचा एक कायमचा दाब टिकून राहतो. जणू काही प्रत्येक कानात एक लहानशी विद्युतघटमाला बसविलेली आहे. तिच्याच बळावर आपण ऐकतो आणि तोल सांभाळतो.

या चक्रव्यूहाचे तीन विभाग पडतात. पुढच्या बाजूस शंखासारखी वेटोळी असलेली कॉक्लिया, मागच्या बाजूस तीन अर्धवर्तुळाकृती नलिका आणि या दोहोंच्या मध्ये दोन लहान पिशव्या. कॉक्लियाचे काम ऐकण्याचे; उरलेल्या पाच भागांचे काम तोल सांभाळण्याचे. दोन्हींकडून निघणारे मज्जातंतू एकत्र येऊन मेंदूच्या नसांपैकी आठवी नस बनते. म्हणूनच काही विकारांत बहिरेपणा व चक्कर हातात हात घालून येतात.

ध्वनीचे वाचन

ध्वनी हवेतून येतो, पण अंतर्कर्णात द्रव असतो. हवेतील ध्वनी थेट द्रवावर आदळला, तर त्यातील बहुतेक ऊर्जा परावर्तित होऊन फुकट जाते. पाण्यात बुडी मारल्यावर काठावरच्यांचे बोलणे ऐकू येत नाही, ते यामुळेच. ही अडचण मध्यकर्ण सोडवतो. पडद्यावरचा दाब तीन हाडांच्या तरफेतून रिकिबीच्या चिमुकल्या तळव्यावर एकवटतो आणि सुमारे वीसपट वाढतो. रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड होय. त्याची उंची जेमतेम तीन मिलिमीटर असते.

कॉक्लिया वाटाण्याएवढी असून तिला सुमारे अडीच वेटोळी असतात. ती उलगडली, तर आतील कंप पावणारा पडदा साधारण ३५ मिलिमीटर लांब भरेल. हा पडदा बुडाशी अरुंद व ताठ आणि टोकाशी रुंद व सैल असतो. त्यामुळे शिट्टीसारखा उंच स्वर बुडाशी कंप उठवतो आणि ढोलाच्या थापेसारखा खर्जाचा स्वर टोकाकडे. कोणत्या जागी कंप उठला, यावरून मेंदू स्वर ओळखतो. बुडापेस्टमध्ये टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉर्ज फॉन बेकेसी यांनी मृतांच्या कानांवर प्रयोग करून या लहरी प्रत्यक्ष पाहिल्या. त्याबद्दल त्यांना १९६१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पडद्यावर केशपेशींच्या रांगा असतात. इटालियन शास्त्रज्ञ आल्फॉन्सो कोर्ती यांनी १८५१ मध्ये त्यांचे वर्णन केले. एका कानात आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार आणि बाहेरच्या रांगांत सुमारे बारा हजार केशपेशी असतात. डोळ्याच्या पटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून अधिक असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे कानाची पुंजी किती तुटपुंजी आहे ते कळते. आतल्या पेशी मेंदूला संदेश पाठवतात; बाहेरच्या पेशी आखडून-ताणून क्षीण ध्वनी मोठा करतात. हे करताना त्या स्वतःच अतिसूक्ष्म आवाज निर्माण करतात. तो कानाबाहेर मोजता येतो, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखविले. आज झोपलेल्या नवजात बालकाची श्रवणचाचणी काही मिनिटांत होते, ती याच शोधाच्या आधारे.

पक्षी आणि मासे यांच्या नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा उगवतात. माणसाच्या कॉक्लियातील पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. कानासंबंधीच्या साऱ्या सावधगिरीचे सार या एका वाक्यात आहे.

फुगडी थांबते, पण जग फिरत राहते

तोल सांभाळणारी यंत्रणा समजून घ्यायची, तर फुगडी आठवावी. तीन अर्धवर्तुळाकृती नलिका एकमेकींशी जवळजवळ काटकोन करून असतात, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळावी तशा. डोके फिरले की नलिका डोक्याबरोबर फिरते, पण आतला द्रव क्षणभर मागे राहतो आणि नलिकेतील एक लवचीक पडदी वाकवतो. तिच्यातील केशपेशी ‘डोके फिरत आहे’ असा संदेश देतात. फुगडी बराच वेळ चालली की द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो. मग एकाएकी थांबले, तर डोके स्थिर होते, पण द्रव पुढे वाहत राहून पडदीला उलट्या दिशेने वाकवतो. डोळे सांगतात की आपण उभे आहोत, कान सांगतो की आपण उलट फिरत आहोत. या भांडणालाच आपण चक्कर म्हणतो. घाटात एसटीच्या मागच्या आसनावर बसून पुस्तक वाचणाऱ्याला मळमळते, तेही अशाच विसंवादाने.

दोन पिशव्यांचे काम वेगळे. त्यांच्यात चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. लोकल सुटताना बसणारा हिसका एक पिशवी टिपते, उद्वाहन वर जाऊ लागल्याची जाणीव मुख्यतः दुसरी करून देते. डोके कोणत्या बाजूला कललेले आहे, हे अंधारातही आपल्याला कळते ते या स्फटिकांच्या वजनामुळे.

या यंत्रणेची चपळाई घरबसल्या पाहता येते. पुस्तक डोळ्यांसमोर धरून वेगाने डावी-उजवीकडे हलवले, तर अक्षरे पुसट होतात. पुस्तक स्थिर ठेवून तितक्याच वेगाने डोके हलवले, तर अक्षरे वाचता येतात. डोके जितके उजवीकडे वळते, तितकेच डोळे डावीकडे वळावेत, असा हुकूम कान सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात सोडतो. दोन्ही कानांची ही शक्ती गेलेल्या रुग्णाला चालताना रस्ता आणि दुकानांच्या पाट्या उड्या मारताना दिसतात.

या यंत्रणेच्या अभ्यासाचा पाया व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बाराणी यांनी घातला. कान धुताना पाणी फार थंड किंवा फार गरम असेल, तर रुग्णाला चक्कर येते, हे त्यांच्या लक्षात आले. तापमानामुळे नलिकेतील द्रवात प्रवाह निर्माण होतो, असे त्यांनी ओळखले आणि त्यातूनच दोन्ही कानांची स्वतंत्र तपासणी करण्याची पद्धत जन्माला आली. त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा ते पहिल्या महायुद्धात रशियनांचे कैदी होते.

चक्कर, घेरी आणि अंधारी

मराठीत ‘चक्कर आली’ हे दोन शब्द अनेक अर्थांनी वापरले जातात. एकदम उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे, उपाशीपोटी घेरी येणे आणि भोवतालचे सारे गरगर फिरणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन्हींचा संबंध रक्तदाब, रक्तातील साखर वा हृदयाशी असू शकतो. गरगरणे मात्र तोलाच्या यंत्रणेकडे बोट दाखवते. ‘नेमके काय झाले, किती वेळ टिकले आणि काय केल्यावर झाले’ या तीन प्रश्नांच्या उत्तरांत बरेचसे निदान दडलेले असते.

कूस बदलताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना किंवा वाकल्यावर येणारी आणि मिनिटाच्या आत थांबणारी चक्कर ही बहुधा निसटलेल्या स्फटिकांची असते. पिशवीतील स्फटिक सुटून नलिकेत, बहुतेक वेळा मागच्या नलिकेत शिरतात आणि डोके हलले की तिथला द्रव ढवळतात. वैद्यकात या विकाराला बीपीपीव्ही म्हणतात. चक्कर येण्याच्या सर्वसाधारण कारणांत तो अग्रभागी आहे. रुग्णाला ठरावीक पद्धतीने आडवे करून डोळ्यांच्या हालचाली पाहिल्या की निदान होते. ही चाचणी १९५२ पासून प्रचलित आहे. अमेरिकन शल्यविशारद जॉन एप्ली यांनी डोके क्रमाक्रमाने वळवून स्फटिक पुन्हा पिशवीत ढकलण्याची कृती शोधली आणि १९९२ मध्ये तिचे सविस्तर निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही मिनिटांच्या या कृतीने बहुतेक रुग्णांना एक-दोन खेपांतच आराम पडतो. तपासणीत याच विकाराची चिन्हे स्पष्ट दिसली, तर सहसा स्कॅन काढावा लागत नाही.

चक्कर मिनिटे नव्हे, तर दिवसभर किंवा दोन-तीन दिवस सतत टिकली आणि ऐकणे मात्र शाबूत असेल, तर तोलाच्या नसेला सूज आल्याची शक्यता असते. चक्कर वीस मिनिटे ते काही तास टिकते, पुन्हा पुन्हा येते आणि सोबत एका कानात दडा, गुणगुण व कमी-अधिक होणारा बहिरेपणा असतो, तेव्हा मेनिएर विकाराचा संशय घ्यावा लागतो. फ्रेंच डॉक्टर प्रॉस्पेर मेनिएर यांनी १८६१ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन करून दोष कानात असल्याचे सांगितले. तोपर्यंत अशी चक्कर म्हणजे मेंदूत रक्त साकळण्याचा प्रकार समजला जाई.

चक्कर दाबणाऱ्या गोळ्यांविषयी एक इशारा आवश्यक आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांतील उलट्या आणि गरगर थांबविण्यास त्या उपयोगी पडतात. पण एका कानाची शक्ती कमी झाली, तर मेंदू काही आठवड्यांत उरलेल्या माहितीवर तोल सांभाळायला शिकतो. दाबणाऱ्या गोळ्या सतत घेतल्यास हे शिक्षण लांबते. यातील काही औषधे वृद्धांनी दीर्घकाळ घेतल्यास हात थरथरणे, हालचाली मंदावणे अशी कंपवातासारखी लक्षणेही दिसू शकतात. अशा वेळी खरा उपचार असतो तो डोळे, मान आणि चालण्याचे ठरावीक व्यायाम.

वेळ मोजून येणारा बहिरेपणा

एका कानाचे श्रवण तीन दिवसांच्या आत एकाएकी कमी होणे ही तातडीची बाब आहे. दोष अंतर्कर्णात वा नसेत असेल, तर स्टेरॉइड औषधे लवकरात लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत, सुरू व्हावी लागतात. जितका उशीर, तितकी श्रवण परतण्याची आशा कमी. बाहेरून पाहता मळाने बसलेला दडा आणि हा बहिरेपणा सारखेच वाटतात. डॉक्टर कंप पावणारा धातूचा चिमटा कपाळावर टेकवून त्यांतील फरक ओळखतात. मळ किंवा सर्दी असेल, तर आवाज बंद वाटणाऱ्या कानात मोठा ऐकू येतो. अंतर्कर्ण बिघडला असेल, तर चांगल्या कानात. त्यानंतर श्रवणालेख काढून खात्री करतात. कानात तेल घालून वाट पाहण्यात गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

औषधांची किंमत

क्षयरोगावरील पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले आणि लवकरच लक्षात आले, की ते घेणाऱ्या काही रुग्णांचा तोल कायमचा जातो. त्याच कुळातील कॅनामायसिन आणि ॲमिकासिन प्रामुख्याने श्रवणावर घाला घालतात. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांना ही इंजेक्शने महिनोन्‌महिने घ्यावी लागत. मुंबईसारख्या शहरात अशा रुग्णांची संख्या मोठी. जीव वाचला, पण कान गेले, अशी स्थिती अनेकांवर ओढवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत कॅनामायसिन व कॅप्रिओमायसिन वापरू नये असे सांगितले. त्यानंतर भारतातही तोंडावाटे घ्यायच्या औषधांवर भर देण्यात आला. तरीही या कुळातील जेंटामायसिन व ॲमिकासिन गंभीर जंतुसंसर्गात, तर सिस्प्लॅटिन कर्करोगात आजही वापरले जाते. आईकडून येणाऱ्या एका जनुकीय दोषात या प्रतिजैविकांच्या थोड्या मात्रेनेही बहिरेपणा येऊ शकतो. म्हणून मातेच्या बाजूला कोणाला इंजेक्शननंतर बहिरेपणा आला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. उपचार चालू असताना कानात गुणगुण सुरू झाली, तर ती अंगावर काढू नये.

गोंगाटाचा हिशेब

आवाजाने होणारी हानी तीव्रता आणि वेळ या दोहोंवर ठरते. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे धरले, तर तीव्रता दर तीन डेसिबलने वाढताना सुरक्षित वेळ निम्म्याने घटतो. ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. हानीची पहिली खूण ४००० हर्ट्‌झच्या आसपास उमटते. तिथे ऐकू कमी आले, तरी रोजचे संभाषण अडत नाही; त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही.

केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबल अशी मर्यादा आहे. मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीजवळ हे आकडे कागदावरच राहतात, हे वेगळे सांगायला नको. ढोल-ताशा पथकांत आठवडेच्या आठवडे सराव करणाऱ्या तरुण-तरुणींनी कानात बोळे घालणे हा भित्रेपणा नव्हे. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली, तर केशपेशींवर ताण आल्याची ती खूण समजावी. हेडफोन वापरणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास ही मर्यादा सुचविली आहे.

जन्मजात बहिरेपणा आणि नवी आशा

मूल बोलत नाही, ‘वडीलही उशिराच बोलू लागले होते’, अशा समजुतीत पहिली दोन-तीन वर्षे जातात. मेंदूतील भाषेची घडण याच काळात होते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, असा दंडक म्हणूनच जगभर सांगितला जातो. श्रवणयंत्राने भागत नसेल, तर कॉक्लियर इम्प्लांटचा विचार होतो. पॅरिसमध्ये १९५७ साली आणि लॉस एंजलिसमध्ये १९६१ साली त्याचे आरंभीचे प्रयोग झाले. मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये अनेक विद्युतअग्रांचे यंत्र बसविले. आजच्या यंत्रांत साधारण १२ ते २२ विद्युतअग्रे असतात. मेलेल्या केशपेशींना वगळून ती थेट नसेला संदेश देतात. शस्त्रक्रिया ही केवळ सुरुवात असते. त्यानंतर महिनोन्‌महिने वाचा-श्रवण प्रशिक्षण द्यावे लागते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच क्षेत्रात काम करते. पात्र बालकांना केंद्राच्या ‘ॲडिप’ योजनेतून इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते. विशिष्ट जनुकीय दोषाने बहिऱ्या असलेल्या चीनमधील काही मुलांना जनुकोपचाराने ऐकू येऊ लागल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र तो उपचार एकाच प्रकारच्या दोषापुरता आहे.

केव्हा थांबू नये

चक्कर कानाची असो वा नसो, काही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, हातापायातील शक्ती जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, आधाराविना उभेच राहता न येणे किंवा पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी ही लहान मेंदूतील पक्षाघाताची चिन्हे असू शकतात. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. वारंवार चक्कर येणाऱ्या वृद्धांच्या घरात रात्रीचा दिवा आणि न्हाणीघरात धरायला दांडी असावी. पडून खुब्याचे हाड मोडणे हे चक्करेपेक्षा महागात पडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक श्रवणदोष आहे. त्यातील ४३ कोटींना उपचार वा पुनर्वसनाची गरज आहे. यापैकी पुष्कळांचा दोष टाळता आला असता किंवा वेळीच हाताळता आला असता. निसर्गाने दगडासारख्या हाडात जपून ठेवलेली ही ठेव आवाजाने, औषधाने किंवा केवळ दिरंगाईने गमावू नये, एवढे तरी आपल्या हाती निश्चितच आहे.